जुनी फ्रीलँडर दारात उभी असेल तर

लँड रोव्हरची फ्रीलँडर २ भारतात नवी मिळत होती तेव्हा तिची किंमत तीस-चाळीस लाखांच्या घरात होती. आज तीच गाडी एखाद्या नव्या छोट्या हॅचबॅकच्या भावात, कधी त्याहूनही कमी पैशांत मिळते. चामड्याच्या सीट, चारही चाकांना पोहोचणारी ताकद, वरंधा घाटातही दम न लागणारं डिझेल इंजिन. एवढं सगळं त्या पैशांत मिळतंय म्हटल्यावर मोह होणारच, आणि त्यात काही गैर नाही. गाडी खरंच चांगली आहे.

मात्र व्यवहार ठरवताना एक गोष्ट नजरेआड होते. गाडीची किंमत उतरली, तिच्या सुट्या भागांची उतरलेली नाही. डिफरन्शियल, इंजेक्टर, टर्बो यांचे भाव आजही त्या तीस-चाळीस लाखांच्या गाडीला शोभतील असेच आहेत. मोठ्या सर्व्हिस सेंटरचा मजुरीचा दरही गाडीचं वय बघून कमी होत नाही. म्हणून अशा गाड्यांच्या मालकांचे दोन प्रकार दिसतात. काही जण प्रत्येक कुरकुरीला सर्व्हिस सेंटर गाठतात आणि बिलं बघून वर्ष-दीड वर्षात गाडी विकून मोकळे होतात. काही जण खर्चाच्या धास्तीने बॉनेटच उघडत नाहीत आणि गाडी रस्त्यात थांबेपर्यंत चालवतात. दुसऱ्या प्रकारच्या मालकाची गाडी मग पुढच्या मालकाच्या गळ्यात पडते.

यातून वाट आहे. वेळच्या वेळी करायची छोटी कामं स्वतःच्या हाताने, घरच्या पार्किंगमध्ये करायची. मोठी कामं ती आधी शंभरदा केलेल्या माणसाकडे द्यायची. आणि कुठलं काम कोणत्या यादीत येतं, हे पाना हातात घेण्याआधी ठरवायचं. जुनी फ्रीलँडर परवडते की नाही, हे मुख्यतः या ठरवण्यावर अवलंबून आहे.

गाडीची कुंडली आधी पाहू, कारण तिचा पुढे उपयोग आहे. फ्रीलँडर २ आली २००६ मध्ये. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या हेलवूड कारखान्यात ती तयार व्हायची. तेव्हा लँड रोव्हर फोर्डच्या मालकीची होती, त्यामुळे गाडीचा सांगाडा फोर्ड आणि व्हॉल्वोच्या त्या काळच्या गाड्यांशी नातं सांगतो. २.२ लिटरचं डिझेल इंजिन फोर्ड आणि फ्रान्सच्या प्यूजो-सिट्रोएनने मिळून तयार केलेलं. सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जपानच्या ऐसिनचा. मागच्या चाकांना ताकद देणारं कपलिंग स्वीडनच्या हाल्डेक्सचं. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि २०११ पासून या गाडीची जुळणी पुण्यात होऊ लागली. २०१४ मध्ये उत्पादन थांबलं आणि डिस्कव्हरी स्पोर्ट तिच्या जागी आली. म्हणजे आज बाजारात असलेली सगळ्यात नवी फ्रीलँडरसुद्धा दहा वर्षं ओलांडून गेलेली आहे.

या मिश्र कुळाचा घरी काम करणाऱ्याला फायदाच होतो. ही यंत्रं इतर अनेक गाड्यांत वापरली गेली, म्हणून त्यांची माहिती मुबलक आहे, आणि बरेच भाग मूळ बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यात, लँड रोव्हरच्या शिक्क्याशिवाय, कमी किमतीत मिळतात.

विकत घेण्याआधी

गाडी अजून घ्यायची असेल तर दिल्लीहून आलेल्या स्वस्त गाडीची कागदपत्रं नीट पाहा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात मज्जाव केला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. तेव्हापासून तिकडच्या अनेक महागड्या डिझेल गाड्या इतर राज्यांत आल्या. गाडी वाईट असेलच असं नाही. पण आरटीओची एनओसी, महाराष्ट्रात भरावा लागणारा कर आणि नव्या नोंदणीचा खर्च धरूनच भाव ठरवा. दुसऱ्या राज्यातल्या नंबरची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नव्याने नोंदणी करावीच लागते. पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा आणि फिटनेस तपासणीचा हिशेबही त्यात धरा.

चालवून बघताना रेडिओ आणि एसी बंद ठेवा. साठ ते ऐंशीच्या वेगात मागच्या बाजूने एकसुरी भुणभुण येते का, ते ऐका. मागच्या डिफरन्शियलची बेअरिंग झिजणं हा या गाडीचा, विशेषतः सुरुवातीच्या मॉडेलचा, ठाऊक असलेला दोष आहे. विकणारा हमखास सांगतो की हा टायरचा आवाज आहे. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, बेअरिंगचा रस्त्यावर अवलंबून नसतो. वेगाबरोबर आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की मात्र त्याचा सूर बदलतो. मग गाडी थांबवा, पुढच्या पायाखालच्या कार्पेटमध्ये हात खुपसा आणि ओल आहे का बघा. शेवटी टाइमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. तोंडी उत्तर बिल म्हणून धरू नका.

हत्यारं आणि जागा

सॉकेटचा चांगला सेट, टॉर्क रेंच, टॉर्क्स बिट, मल्टिमीटर, तेल काढायचं पसरट भांडं, दोन टनांहून जास्त वजन पेलणारे जॅक स्टँड आणि गाडीची भाषा समजणारं डायग्नॉस्टिक यंत्र. एवढ्यावर पुष्कळ कामं होतात. शेवटच्या वस्तूत काटकसर करू नका. ओबीडी सॉकेटला लावायचं साधं ब्लूटूथ यंत्र इंजिनचे कोड वाचतं, पण एबीएस, एअरबॅग, हाल्डेक्स यांच्याशी त्याचं बोलणं सहसा होत नाही. लँड रोव्हरसाठी बनवलेलं यंत्र महाग वाटेल, पण दोन-चार मालकांनी मिळून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला फारसं येत नाही.

जागा सपाट आणि टणक हवी. पेव्हर ब्लॉक खचतात आणि मातीत तर स्टँडचा पाय रुतणारच, म्हणून खाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा ठेवा. गाडी पावणेदोन टनांच्या पुढची आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरायचं नाही. जमिनीवर असलेल्या चाकांना ठोकळे लावायचे, स्टँड लावायचे, गाडी हाताने हलवून बघायची, मगच खाली जायचं. काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड निसटलाच तर तेवढी जागा जीव वाचवते. सोसायटीत काम करत असाल तर आजूबाजूच्या मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

चाकांचे नटही एकदा तपासून ठेवा. लँड रोव्हरच्या मूळ नटांवर चकचकीत स्टीलची टोपी असते. आतून गंज धरला की ती फुगते आणि गाडीतला पाना नटावर बसत नाही. हे मालकाला बहुधा रात्री घाटात पंक्चर झाल्यावर कळतं. एकसंध घडणीचे नट मिळतात. चारही चाकांना तेच लावून टाका आणि हँडबुकात दिलेल्या टॉर्कलाच आवळा. टायरवाल्याच्या हवेच्या गनने आवळलेला नट रस्त्यावर हाताने सुटत नाही.

पाणी हा पहिला शत्रू

महाराष्ट्रात ही गाडी सांभाळायची तर सुरुवात इंजिनापासून नाही, छपरापासून करावी. ज्या फ्रीलँडरला मोठं काचेचं सनरूफ आहे तिच्या छपराच्या कडेने एक पन्हाळ फिरते आणि तिचं पाणी कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांनी खांबांतून खाली उतरतं. सनरूफ अगदी घट्ट बंद असलं तरी थोडं पाणी त्या पन्हाळीत येतंच, तशीच तिची रचना आहे. नळी धुळीने किंवा पानांच्या चुऱ्याने तुंबली की पाणी आत उतरतं, आणि गालिच्याखालच्या जाड फोममध्ये आठवडेच्या आठवडे मुरत राहतं. वरून गालिचा कोरडा लागतो. खाली वायरिंगचे जोड आणि कंट्रोल मॉड्यूल हिरवे पडायला लागतात. मग एके दिवशी डॅशबोर्डवर एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार-पाच इशारे एकदम लागतात. असे इशारे बघून एकामागून एक सेन्सर बदलणाऱ्या मालकांचे पैसे वाया जातात. मूळ कारण तुंबलेल्या नळीत असतं.

काम सोपं आहे. मे महिन्यात सनरूफ उघडा, पन्हाळ ओल्या फडक्याने पुसून काढा आणि पुढच्या एका कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओता. काही क्षणांत ते पुढच्या चाकाच्या आसपास जमिनीवर पडलं पाहिजे. पडलं नाही तर गवत कापायच्या यंत्रात असते तशी नायलॉनची लवचीक दोरी नळीत हलक्या हाताने सरकवा. लोखंडी तार घालू नका, ती नळी फाडते. कॉम्प्रेसरची जोराची हवाही मारू नका, खाली कुठेतरी नळीचा जोड सुटतो आणि मग छत उतरवल्याशिवाय तो हाती लागत नाही. चारही कोपरे करा.

दुसरी जागा वायपरखाली, काचेच्या पायथ्याशी. तिथल्या जाळीत पानं साठतात. गाडी गुलमोहराखाली किंवा पिंपळाखाली उभी राहत असेल तर मृगाच्या पहिल्या सरीआधी ती जागा रिकामी करणं अगदी गरजेचं. तसंच दारांच्या खालच्या कडेची छिद्रं. आत पाणी खळखळत असेल तर ती बुजलेली आहेत.

गालिचा ओला सापडलाच तर पंखा लावून भागत नाही. सीट सोडवून गालिचा उचलावा लागतो. सीटच्या खाली एअरबॅगच्या वायरी असतात, म्हणून आधी बॅटरीची ऋण तार काढा आणि काही मिनिटं थांबून मगच त्या जोडांना हात लावा. फोम उन्हात पूर्ण वाळू द्या. पुण्याच्या मे महिन्यात हे एक-दोन दिवसांत होतं, कोकणातल्या जुलैमध्ये होतच नाही. पावसाळ्याआधी बघायला सांगतो ते याचसाठी.

रस्त्यात तुंबलेल्या पाण्याबद्दलही सांगायला हवं. कंपनीने या गाडीसाठी दिलेली पाण्याची खोली ५०० मिलिमीटर आहे, म्हणजे जेमतेम गुडघ्यापर्यंत. गाडी उंच दिसते म्हणून त्याहून खोल पाण्यात घालू नका. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकते आणि जे नुकसान फिल्टर आणि तेलावर निभावलं असतं ते संपूर्ण इंजिनावर जातं. गाडी ओढून न्या. खोल पाण्यातून गेलेल्या गाडीच्या डिफरन्शियलचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय, लगेच बदला.

बॅटरी, आणि डॅशबोर्डवरचे इशारे

या गाडीत डझनावारी छोटे संगणक एकमेकांशी सतत बोलत असतात. व्होल्टेज पडलं की त्यांचं बोलणं तुटतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याची तक्रार नोंदवतो. म्हणून माझा नियम साधा आहे. डॅशबोर्डवर कितीही भयंकर संदेश दिसला तरी पहिलं हत्यार मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. १२.२ म्हणजे बॅटरी अर्धी उतरलेली. स्टार्टर फिरताना आकडा दहाच्या खाली घसरत असेल तर बॅटरी म्हातारी झाली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवेत. तेवढे नसतील तर ऑल्टरनेटर, त्याची पुली आणि पट्टा बघा. बॅटरी ठणठणीत असूनही इशारे येत असतील तर इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणारी अर्थची जाड तार काढून तिची दोन्ही टोकं घासून घ्या. कोकणातल्या आणि मुंबईतल्या गाड्यांत ही तार हमखास गंजलेली सापडते.

यानंतर कोड वाचा. वाचलेला कोड वहीत लिहा, सोबत किलोमीटर, तापमान, गाडी तेव्हा काय करत होती हेही लिहा. मग कोड पुसा आणि गाडी चालवा. जो परत येतो तोच खरा. आणि परत आलेला कोडसुद्धा ‘हा भाग बदला’ असं सांगत नाही, ‘इथला आकडा मला पटत नाही’ एवढंच सांगतो. इंजिनात जाणाऱ्या हवेचा आकडा चुकतोय असा कोड आला की एअर फ्लो सेन्सर विकत घेणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप चिरलेला असतो आणि मोजलेली हवा वाटेत गळून जाते. इंजिन थंड असताना ते पाइप हाताने दाबून, वाकवून बघा. चिरेभोवती तेलकट काळा ओघळ दिसतो. चढावर ताकद कमी पडणं, मागे काळा धूर आणि फुसफुस असा आवाज, ही तिन्ही लक्षणं एकत्र असतील तर सेन्सरचा विचारही करू नका.

मागच्या दाराचं बटण काम करेनासं झालं तर संपूर्ण लॅच मोडला असं समजू नका. त्या बटणावरचं रबर उन्हाने चिकट होऊन विरघळतं आणि आतला छोटा स्विच पाण्याने खराब होतो. स्विच बदलणं हे घरी, एका सकाळी होणारं काम आहे.

तेलांचं वेळापत्रक

इंजिन ऑइल सुमारे सहा लिटर लागतं. ५डब्ल्यू-३० एवढा आकडा बघून डबा उचलू नका. फोर्डच्या प्रमाणाचा जो क्रमांक हँडबुकात दिला आहे, तोच डब्याच्या मागे छापलेला असला पाहिजे. गाडीला धुराचा डीपीएफ फिल्टर असेल तर कमी राख सोडणारं तेलच घाला, दुसरं घातलं की फिल्टर हळूहळू कायमचा भरतो. युरोपात तेल बदलायची जी लांबलचक मुदत छापली जाते ती आपल्या धुळीला, उन्हाला आणि सिग्नलवर तासन्‌तास चालणाऱ्या इंजिनाला लावू नका. आठ ते दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. काम करताना खालचं प्लॅस्टिक कवच पूर्ण उतरवा, कारण तेव्हाच गळती दिसते. फिल्टर कागदी आहे आणि प्लॅस्टिकच्या झाकणात बसतो. झाकणाची रबरी रिंग प्रत्येक वेळी नवी, तेलाने ओली करून बसवा आणि झाकण टॉर्क रेंचनेच आवळा, जोर लावला की त्याला तडा जातो. डीपीएफवाल्या गाडीत डिपस्टिकवरची पातळी वाढत चाललेली दिसली तर तेलात डिझेल मिसळतंय. मुदतीची वाट न बघता तेल बदला.

कूलंट नारिंगी रंगाचं, ओएटी प्रकारचंच. गॅरेजमध्ये सहज मिळणारं हिरवं त्यात ओतू नका, आणि नळाचं पाणी तर नाहीच. ब्रेक फ्लुइड डॉट ४, दर दोन वर्षांनी बदलायचं, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि लांब घाटउतारावर तेच पाणी उकळून पॅडल खाली जातं.

आता हाल्डेक्स. या गाडीतलं सर्वात दुर्लक्षित आणि घरच्या कामाचं सर्वाधिक मोल देणारं ठिकाण हेच. मागच्या डिफरन्शियलच्या पुढ्यात एक कपलिंग बसवलेलं आहे. त्यातला छोटा विद्युत पंप तेलाचा दाब तयार करतो, गरज पडली की आतल्या क्लच प्लेट आवळल्या जातात आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. प्लेटची झीज तेलात मिसळते, बारीक गाळ होऊन पंपाच्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली की पंपाला जास्त राबावं लागतं आणि शेवटी तो जळतो. डॅशबोर्डवर ट्रान्समिशनचा दोष, ट्रॅक्शन कमी, असा संदेश येतो, आणि पूर्ण कपलिंग बदलण्याचा अंदाजखर्च हातात पडतो.

बऱ्याच गॅरेजमध्ये ‘मागचं तेल बदललं’ म्हणतात तेव्हा डिफरन्शियलचं तेल बदललेलं असतं. हाल्डेक्सचं तेल वेगळं, त्याचे प्लग वेगळे, त्याचा कप्पाही वेगळा. आकार अगदी लहान, लिटरभरही तेल मावत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. पन्नास हजार किलोमीटरच्या आत एकदा तरी हे काम व्हायला हवं. तुमच्या गाडीचा आधीचा इतिहास ठाऊक नसेल तर ते झालेलं नाही असंच धरा. गाडी चारही स्टँडवर समपातळीत उचला. भरायचा प्लग आधी सोडवून बघा. तो सुटत नसेल तर खालचा प्लग उघडू नका, नाहीतर तेल जाईल आणि नवं घालता येणार नाही. तेल उतरवा, पंप काढा, जाळी ब्रेक क्लीनरने धुऊन वाळवा, नव्या ओ-रिंग लावून बसवा, हाल्डेक्ससाठीचंच तेल छिद्राच्या काठापर्यंत भरा, इंजिन थोडा वेळ चालवा आणि पातळी पुन्हा बघा. पहिल्यांदा अर्धा दिवस जाईल, पुढच्या वेळी त्याहून खूपच कमी.

काम झाल्यावर खात्री करायची तर ओल्या मातीत, मोकळ्या जागी, उभ्या गाडीला जरा जोरात निघायला लावा. पुढची चाकं जागीच फिरत राहिली आणि मागची ढिम्म असतील तर कपलिंग अजून पकडत नाही. या कपलिंगचं आयुष्य टायरवरही ठरतं. पुढचे दोन नवे आणि मागचे दोन झिजलेले असले की चाकांचा घेर वेगळा होतो आणि सरळ रस्त्यावरसुद्धा कपलिंगला फरक जाणवत राहतो. २३५/६५ आर१७, २३५/६० आर१८ किंवा २३५/५५ आर१९, जे माप असेल त्यात चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे ठेवा, आणि दर दहा हजारांनी पुढचे मागे करा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल ‘जन्मभर बदलायला नको’ असं सांगितलं जातं. माझं मत स्पष्ट आहे, बदलावं. गाडी दहा-बारा वर्षांची झाली की ते तेल काळपट आणि जळका वास येणारं सापडतं. एका वेळी निम्म्याहून कमीच तेल उतरतं, म्हणून थोड्या थोड्या अंतराने दोन-तीन वेळा बदला. यंत्र लावून जोरात फ्लश करणं जुन्या गिअरबॉक्सला टाळावं. पातळी ठरावीक तापमानाला, इंजिन चालू ठेवून मोजायची असते, तापमान दाखवणारं यंत्र हाती नसेल तर हे काम बाहेर द्या.

कुठे थांबायचं

टाइमिंग बेल्ट घरी करू नका. हे इंजिन असं आहे की बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. क्रँक आणि कॅम जागच्या जागी पिनांनी अडकवावे लागतात, इंजिनाचा माउंट सोडवावा लागतो, दात चुकले तर पहिल्या स्टार्टलाच सगळं संपू शकतं. बेल्ट किती किलोमीटर चालला यापेक्षा किती वर्षांचा झाला ते बघा. दहा वर्षं झाली असतील आणि बिल नसेल तर गाडी उभी करा आणि आधी तो बदलून घ्या. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून पंप, टेन्शनर आणि रोलर सगळं एकत्रच टाकून घ्या. मजुरी एकदाच लागते.

कॉमन रेलच्या डिझेल पाइपना चालू इंजिनावर हात लावायचा नाही. आत हजार बारहून जास्त दाब असतो, अशी धार कातडीत शिरते आणि जखम छोटी दिसली तरी बोट गमवावं लागू शकतं. सस्पेन्शनच्या स्प्रिंग काढणं, एअरबॅग, एसीचा गॅस, डिफरन्शियलची बेअरिंग बसवणं, हे सगळं बाहेर. २०१३ च्या मॉडेलपासून विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक आला, त्या गाड्यांच्या मागच्या ब्रेकचं काम डायग्नॉस्टिक यंत्राशिवाय सुरू करू नका. पुढचे ब्रेक पॅड, स्टॅबिलायझरचे लिंक रॉड, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, ऑल्टरनेटरचा पट्टा हे सगळं निःशंकपणे घरी. स्पीड ब्रेकरवर पुढून टकटक आली की सर्वात आधी लिंक रॉड बघा, सगळ्यात स्वस्त भाग तोच असतो आणि बऱ्याचदा दोषही त्याचाच.

भाग मागवताना गाडीचं नाव आणि साल सांगू नका, पार्टचा क्रमांक सांगा. लँड रोव्हरचे क्रमांक एलआर या अक्षरांनी सुरू होतात आणि चासी नंबरवरून नेमका कोणता लागतो ते शोधता येतं. एकाच सालात दोन प्रकारचे भाग बसवलेले असतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, दिल्लीत काश्मिरी गेटला हा क्रमांक घेऊन गेलात तर दुकानदारही तुमच्याशी वेगळं बोलतो. दाराचं हँडल, आरसा, सीटची मोटर, इंजिनाचं कवच अशा वस्तू भंगारातून निघालेल्या गाडीच्या खुशाल घ्या. ब्रेकचं, स्टिअरिंगचं आणि रबराचं काहीही जुनं घेऊ नका.

काढलेलं तेल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. बाटल्यांत भरून, वर ‘इंजिन ऑइल’, ‘कूलंट’ असं लिहून वेगवेगळं ठेवा. कूलंट गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना त्याने विषबाधा होते, म्हणून सांडलेलं तिथल्या तिथे पुसा आणि धुवा. वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवं. तुमच्या ओळखीचं मोठं गॅरेज त्यांच्या पिंपात ते ओतून घेईल. तिथे जाल तेव्हा वहीही सोबत न्या. कुठलं तेल कधी घातलं, कोणता कोड किती किलोमीटरला आला, हे लिहिलेलं बघून तिथला जाणता मेकॅनिक पुढच्या मोठ्या कामाचा अंदाज बराच नेमका सांगू शकेल, आणि गाडी विकायची वेळ आली तर हीच वही बिलांसोबत नव्या मालकाच्या हातात द्या.